दोरांनी बांधलेला फुगा

सुलेखाला उंचीचं भय लहानपणापासूनचं. सिंगापुरात तांजोंग पगारच्या बँकेत खिडकीजवळचं टेबल मिळालं होतं, ते तिनं दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं. टॅम्पिनीसच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीबाहेरच्या बांबूंवर कपडे वाळत घालायचं काम कायम नवऱ्याकडे, निशिकांतकडे.

२०१६ साली नऊ वर्षांच्या अदितीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं : फुग्यातून उडालेली पहिली माणसं. जेवताना ती रोज काहीबाही सांगायची. फ्रान्समध्ये आधी मेंढी, बदक आणि कोंबडा वर पाठवले. मग दोन माणसं उडाली, तेव्हा खालच्या जाळानं कापडाला भोकं पडायला लागली, त्या ठिणग्या त्यांनी ओल्या स्पंजनं विझवल्या.

"आणि आई, सोफी ब्लांशार नावाची बाई घोडागाडीत बसायलाही घाबरायची, पण फुग्यात एकटी जायची!"

"मग काय झालं तिचं?"

"पडून मेली," भात कालवत अदिती म्हणाली.

सुलेखानं ताट बाजूला सरकवलं.

त्याच महिन्यात समुद्राकाठच्या मैदानात जत्रा भरली. तिथे गरम हवेचा फुगा होता. मुलांबरोबर मोठं माणूस हवंच, आणि निशिकांतची पाठ धरलेली.

"तू जा गं. दोर बांधलेत, कुठे जातोय तो!"

अदितीच्या तोंडाकडे बघून सुलेखा वेताच्या टोपलीत चढली. डोक्यावर बर्नर भडकला आणि जमीन सुटली. ती खालीच बसली, डोळे गच्च मिटून.

वारा अचानक आला. टोपली कलली, दोर ताणून करकरले. "Sit! Everybody sit!" फुगा चालवणारा ओरडला. टोपलीतल्या आणखी दोन बायका किंचाळत खाली बसल्या. अदिती मात्र काठ धरून तशीच उभी. तिला ऐकूच येत नव्हतं. भीतीनं ती लाकडासारखी ताठ झाली होती.

"अदिती, बस!" सुलेखा खाली बसूनच ओरडली. पुढच्या हिसक्यासरशी पोरीचे पाय तळावरून उचलले गेले.

सुलेखा उठली. समोर समुद्र तिरका झाला होता, त्यातली जहाजं जणू तिच्याकडे घरंगळत होती. तिनं अदितीला कमरेला मिठी घालून काठावरून ओढलं आणि तिच्यासकट तळावर आदळली.

खालच्या माणसांनी दोर ओढले. टोपली धाडकन टेकली, आडवी झाली आणि गवतावरून थोडी फरफटली. अदितीचं कोपर सोलवटलं, बाकी सगळे सुखरूप.

निशिकांत धावत आला. "चल, घरी जाऊ."

"थांब जरा. जमीन हलतेय अजून." सुलेखा गवतावरच बसून राहिली.

अदिती तिच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देत होती. तिनं एका हातानं पोरीला धरलं आणि दुसऱ्यानं गवत. भीती गेली का, असं पुढे कुणी विचारलं, तर ती सरळ सांगायची, "छे! उलट वाढली."