राखण मी मोडली

श्रावणातल्या पावसाच्या अखंड घोषातून एखादा आवाज वेगळा काढणं सोपं नसतं. कौलांवर, फणसाच्या पानांवर, अंगणातल्या पत्र्याच्या पिंपावर तो एकाच वेळी कोसळत असतो, आणि दोन महिने त्याच नादात मुरलेल्या कानाला दुसरं काही ऐकू येईनासं होतं. तरीही त्या सकाळी चहा गाळताना मला तो आवाज आला. भुंकणंच होतं, पण त्यात कुणावर धावून जाण्याचा आवेश नव्हता. दोनदा भुंकणं, मग थांबणं, मग पुन्हा दोनदा. उत्तर येतंय का हे मधल्या वेळात ऐकून घ्यावं, तसं. मी चहा तसाच ठेवला आणि कान दिला. शेजारच्या दत्तूच्या बंद घरातून त्याची कुत्री भुरी भुंकत होती.

दत्तू चौथीपर्यंत गावच्या शाळेत माझ्याच हाताखाली शिकला. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, मी निवृत्त होऊन एकटी राहू लागले, पण मला पाहिलं की तो अजून विडी मागे लपवतो. घाटात मजुरीला जातो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. गाडीचा भोंगा बोगद्याच्या तोंडाशी वाजला की भुरी उठून अंगणाच्या दगडी गडग्यावर जाऊन उभी राहायची. कॅसलरॉकची माणसं घड्याळापेक्षा गाड्यांवर विसंबून जगतात, मग कुत्र्याने तरी दुसरं काय करावं? दत्तूची बायको लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी महिनाभर आधीच घाटाखाली कुळ्याला गेली होती. नात झाल्याचा निरोप आला, तसा दत्तूही तिचं तोंड बघायला निघाला. उद्याच्या गाडीने परत येतो म्हणाला. जाताना भुरीपुढे भाताचं टोप ठेवलं, खिडक्या आतून बंद केल्या, दाराला कुलूप लावलं आणि चौकटीवर राखण बांधली.

ही राखण म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या डोंगरात घर रिकामं सोडून जायची वेळ आली की लाल फडक्यात नारळ बांधून चौकटीला अडकवतात आणि राखणदाराला, म्हणजे सीमेवरच्या झाडाखाली बसलेल्या आमच्या देवाला, सांगतात की घर आता तुझ्या हवाली. घरात एखादा जीवही ठेवतात, कारण पूर्ण ओसाड घरात राखणदार थांबत नाही अशी समजूत आहे. घरधनी परत येऊन स्वतःच्या हाताने नारळ उतरवीपर्यंत त्या उंबऱ्याला दुसऱ्याने शिवायचं नाही. भाबडी असली तरी मला ही रीत आवडते. जंगलात वाडीवाडीला पाच-सहा घरं करून राहणाऱ्या माणसांनी एकमेकांवर आणि देवावर टाकलेला तो केवढा नितळ विश्वास! माझ्या उभ्या आयुष्यात राखण बांधलेल्या घरात चोरी झालेली मी ऐकली नाही. एका रात्रीसाठी ती पुरेशीही असते.

पण त्या रात्री घाटात दरड आली. रुळांवर माती, दगड आणि मुळांसकट झाडं. गाड्या बंद झाल्या, आणि अनमोडच्या रस्त्यावरही डोंगर उतरल्यामुळे मोटारीही बंद. आमच्या गावात गाडी नाही म्हणजे नुसती वाहतूक थांबत नाही, दिवसाचे कप्पेच मोडून पडतात; दूध केव्हा आणायचं, भात केव्हा टाकायचा, कशालाच धरबंध राहत नाही. मला तरी कुणी येऊन सांगितलं की दरड पडली आहे. त्या बंद दाराआड बसलेल्या जिवाला कोण सांगणार? तिची संध्याकाळ भोंग्याने व्हायची, आणि भोंगाच वाजत नव्हता. दत्तू यायचा आहे की येणारच नाही, हे तिने कशावरून ओळखायचं? मी दुपारभर खिडकीशी बसून होते आणि मनात दुसरं काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भुंकण्याचं रडणं झालं. माझ्या अंगणात मोरीपाशी उभं राहिलं तरच मोबाइल लागतो, तेव्हा छत्री घेऊन तिथे उभी राहिले आणि दत्तूला फोन लावला. त्याला तरी काय सुख होतं? त्याचा आवाज पडलेला होता.

“बाई, मलाबी घास उतरत न्हाई. पर राखण बांधलीया. दाराला हात लावू नगा. राखणदार बघतोय.”

“राखणदार पाणी पाजतो का रे?” मी विचारलं.

“असं बोलू नगा, बाई. लेक वली बाळंतीण हाय.” मग फोन तुटला.

त्याचं भय मला कळत होतं. हातात दोन दिवसांची नात असलेला माणूस देवाशी वाकडेपणा कसा घेईल? समोरच्या पार्वतीवहिनींना विचारलं, तर त्यांनी कानावर हात ठेवले. “पाऊस थांबला की येतोयच की त्यो. कुत्र्याला काय होतंय?” मग भिजत बुधवंतांकडे गेले. बुधवंत म्हणजे गावच्या देवाधर्माचं पाहणारे आमचे वडीलधारे. शांत आणि शब्दाचा पक्का माणूस. त्यांनी मला बसायला पाट दिला, डोकं पुसायला पंचा दिला आणि नकारही दिला. “आजवर कुणी मोडल्याली न्हाई, बाई. तुमी शिकल्यासवरल्या, तुमीच सांगा, मी व्हय कसं म्हणू?” मी पंचा घडी करून पाटावर ठेवला आणि घरी आले.

वाचणाऱ्या माणसा, तुलाही वाटेल की एका कुत्रीपायी ही बाई एवढी का पेटली. नसती उठाठेव, असं गावानेही म्हटलंच. म्हणोत बापडे. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की मुक्या जिवांवर दया करावी. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, त्यांच्याकडून दहा-दहा वेळा लिहून घेतलं. त्या मुलांपैकीच निम्मं गाव आज दारं लावून ते रडणं ऐकत होतं, आणि मीही ऐकतच होते. दुष्ट त्यांच्यात कुणीच नव्हतं. क्रौर्य नेहमी लाल डोळ्यांनी येतं असं आपल्याला उगाच वाटतं. पुष्कळदा ते पाट देतं, पंचा देतं, आणि रीत मोडता येत नाही म्हणून हळहळतंही. मग त्या हळहळीचं काय करायचं? घर राखायला देव बसवला, देवाच्या सोबतीला कुत्री बसवली, आणि कुत्रीला कोण राखणार हा प्रश्न कुणाच्या मनालाच शिवला नाही. मला राग आला होता, आणि तो आल्याची लाज वाटत नव्हती. माझ्या देवाला तहानलेला जीव बघवतो असं मी मानावं, यापेक्षा मोठा त्याचा अपमान कोणता?

तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसला. घशातून नुसती खरखर येत होती, तीही थांबून थांबून. मी परसातून पहार घेतली, पदर खोचला आणि दत्तूच्या दारात गेले. चौकटीवर लाल फडक्यातला नारळ भिजून जड झाला होता. त्याला आधी हात जोडले. म्हटलं, तुझ्याशी भांडण नाही, वाटेतून जरा बाजूला हो. कोयंड्यात पहार घातली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. पार्वतीवहिनी ओट्यावरून “बाई, नगं, नगं” करत होत्या. चौथ्या झटक्याला कोयंडा निघाला आणि मी तोल जाऊन आत पडले.

आत ओल आणि घाणीचा दर्प होता. भाताचं टोप चाटून लख्ख झालेलं, दाराच्या फळीवर आतून नखांचे ओरखडे, आणि कोपऱ्यात भुरी. माजघरात एक कौल सरकलं होतं. तिथून गळणारं पाणी जमिनीवर थेंबाथेंबाने पडत होतं आणि ती त्या ओलीला जीभ लावून पडली होती. पावसाळ्याआधी शाकारायचं राहून गेलं म्हणून दत्तू स्वतःवर चिडचिड करायचा. त्या राहून गेलेल्या कौलाने तिला जगवलं होतं. मला पाहून ती उठली नाही, फक्त शेपटी जमिनीवर दोनदा आपटली. तिला कडेवर घेऊन मी घरी आणलं, कोमट पेज बोटाने चाटवली आणि मग ओल्या लुगड्यानेच चुलीपाशी बसून रडले.

दत्तू पाचव्या दिवशी आला. भुरीने त्याला लोळवलंच, तोही तिच्या मानेत तोंड घालून बराच वेळ बसला. पण चौकटीकडे पाहिलं आणि चेहरा उतरला. मला म्हणाला, “बाई, जीव वाचीवलासा, पर राखण मोडलीसा.” पंधरवड्याने त्याची, पार्वतीवहिनींच्या गोठ्यात असायची ती गाभण म्हैस ओहळात घसरली आणि तिचं रेडकू गेलं. मग काय, गावाला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पाणवठ्यावरच्या बायका मी गेले की कळशा उचलून निघून जाऊ लागल्या. बुधवंतांचा निरोप आला की सोमवारी राखणदारापुढे नारळ ठेवून चूक कबूल करावी. त्याच आठवड्यात दत्तूने सांगितलं की पुढच्या महिन्यात नातीचं बारसं आहे, तीन दिवस जावं लागेल, आणि घर राखणीवरच सोडणार. भुरी त्याच्या पायाशी बसून माझ्याकडे बघत होती. त्या रेडकाचं मलाही वाईट वाटत होतं, पण मी ठरवलं ते तेव्हाच.

सोमवारी सगळं गाव झाडाखाली जमलं. आमच्याकडे गाऱ्हाणं बुधवंत घालतात. ते देवाला एकेक वाक्य सांगतात आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणून दुजोरा देतात. बाईने गाऱ्हाणं घालायची रीत नाही. मी म्हटलं, चूक माझी, तर बोलेनही मीच. बुधवंतांनी राखणदाराच्या दगडाला हात जोडले आणि ते बाजूला सरले.

मी नारळ ठेवला. वर्गात कविता म्हणायचे त्या आवाजात सुरुवात केली. “बा राखणदारा, ह्या गावाचा तू रखवालदार.”

“व्हय म्हाराजा.”

“तुझी राखण मी मोडली, त्याचा दोष दत्तूच्या घरावर नको, माझ्यावर घे.”

“व्हय म्हाराजा.”

“मुका जीव तुझाच, त्याची तहान तुलाच कळते.”

“व्हय म्हाराजा.”

“म्हणून पुन्हा कुणाच्या बंद दारातून असा आवाज आला, तर दार उघडायचं. मी असेन तर मी, नसेन तर ह्या गावाने.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले, नेहमीच्याच सुरात, हात जोडून. दत्तूही म्हणाला. मग काय म्हणून बसलो ते एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं आणि माना माझ्याकडे वळल्या. गाऱ्हाण्यात देवापुढे एकदा व्हय म्हटलेलं मागे घेता येत नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही; म्हणून तर बोलायचं मी मागून घेतलं होतं.