सरांनी ठरवलेली माणसं

जाधव सर गेल्याचं मला इंदापूरच्या कोर्टाच्या आवारात कळलं. सोबतच्या वकिलानं मोबाइल पुढं केला. सरांचा फोटो, त्याला हार, खाली ‘शेकडो मुलांचा दीपस्तंभ’. मी मोबाइल परत दिला आणि पुकारा झालेल्या केससाठी आत गेले. डोळे भरून आले वगैरे काही झालं नाही. काही आठवडे उलटले, अजूनही नाही.

बारामतीच्या कॉलेजात दर शनिवारी सर मुलांना ग्रंथालयामागच्या खोलीत बसवत. प्रत्येक जण एकाच कामासाठी जन्मतो आणि ते काम आपल्याला नुसतं माणसाकडं बघून कळतं, असं त्यांना ठाम वाटे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, वकील व्हायचंय. सर शांतपणे म्हणाले, “रेहाना, तुझ्यात भांडण नाही. तू शाळेतली बाई आहेस.” मुलांनी माना डोलावल्या, त्याचा राग मला अजून आहे. मग सर आमच्या कापडाच्या दुकानात येऊन अब्बांना भेटले. एवढा मोठा प्राध्यापक दुकानाची पायरी चढला, याचंच अब्बांना अप्रूप. माझं बी.एड. तिथं गादीवर, चहा पिता पिता ठरलं. मी आत कापडाच्या घड्या घालत होते... मला कुणी विचारलं नाही.

पळसदेवच्या शाळेत मी काही वर्षं शिकवलं. वाईट शिकवलं नाही. पण सकाळी एसटीतून उजनी धरणाचं पाणी दिसायला लागलं की वाटायचं, इथंच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. शेवटी नोकरी सोडली आणि घरातला अबोला सोसत लॉ केलं. सनद मिळाल्यावर सर एका लग्नात भेटले. आता तरी चुकलो म्हणतील, असं वाटलं होतं. ते हसून म्हणाले, “बघ, शाळेत शिकवलंस म्हणून कोर्टात बोलता येतंय.” माझं सगळं भांडण त्यांनी एका वाक्यात स्वतःचं करून टाकलं.

शोकसभेला गेले, बोलले नाही. बाहेर पडताना सांगवीची एक मुलगी जवळ आली. पूजा तिचं नाव. सरांचं ठरवणं मोडून मी वकील झाले, हे तिनं ऐकलं होतं. सरांनी तिच्यासाठी नर्सिंग ठरवलं होतं आणि स्वतः आजारी पडण्याआधी तिच्या घरी जाऊन तसं सांगितलंही होतं. तिला नर्सिंगला जायचं नव्हतं. मी तिच्यासोबत तिच्या घरी गेले.

तिचे वडील, तात्या, उसाला पाणी देऊन नुकतेच आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, तुमचं खरं आसंल. पर गेलेल्या माणसाचा शब्द हाय. आता मोडायचा कसा?”

जिवंत सरांशी निदान वाद तरी घालता आला असता...

“तात्या, सर गेले,” मी म्हटलं. “जगायचं पूजाला आहे. तिला विचारा.”

पूजाची आई उठून दारात येऊन उभी राहिली. शेवटी तात्यांनी लेकीकडं तोंड वळवलं. “तुला काय करायचंय गं?”

“मला आजून कळलं न्हाय,” पूजा म्हणाली.

तात्या गडबडले, माझ्याकडं बघायला लागले. मी गप्प राहिले.

“मग कळू दे,” ते म्हणाले. “तवर नर्सिंगचं ऱ्हाऊ दे.”

सरांच्या खोलीत पूजाचं हे उत्तर कधीच चाललं नसतं. तिथं गोल मांडलेल्या खुर्च्यांत कुणी अडखळलं, की सर लगेच त्याचं उत्तर देऊन मोकळे होत. कॉलेज आता त्या खोलीला त्यांचं नाव देणार आहे म्हणे. देऊ दे. पण तिथं एखादी मुलगी गप्प बसली, तर तिच्या वतीनं कुणी बोलू नये.