नानांची मिशी आणि बेटावरची निवडणूक

जळगावच्या आमच्या पेपरात बातम्या संध्याकाळपर्यंत शिळ्या व्हायच्या, किस्से मात्र वर्षानुवर्षं ताजे राहायचे! त्यातले निम्मे एकट्या नानांचे.

नाना म्हणजे आमचे परदेश पानाचे उपसंपादक. राहायला असोद्याला. बऱ्हाणपूरच्या पुढे कधी गेले नाहीत, पण जगातलं कुठलं सरकार कधी पडणार, हे विचारा नानांना!

* * *

एकदा कुठल्याशा चिमुकल्या बेटावर पार्लमेंटची निवडणूक लागली. नानांनी ती थेट पहिल्या पानावर घेतली, आणि असलेलं सरकारच टिकणार असं ठोकूनही दिलं. संपादक हादरले. "नाना, कापसाचा भाव आत आणि बेट बाहेर? कोण वाचणार?"

दुसऱ्या दिवशी यावलहून केळीवाल्यांचा फोन. "भाऊ, तिथे केळी होते का?"

"होते की!"

"मग कोण निवडून आलं तर आपलं बरं?"

संपादकांनी कपाळाला हात लावला.

* * *

आमचे प्रूफरीडर चौधरी मुद्दाम काडी घालायचे. "नाना, तुमचं सरकार पडतंय!"

नाना उसळले. "पडलं तर मिशी उतरवीन!"

आम्ही हसलो. नानांच्या मुलीचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं, चोपड्याच्या पाटलांकडे. अशा वेळी कोण मिशी उतरवतंय?

* * *

निकालाच्या दिवशी दोन्ही पक्ष बरोबरीत! एकाच जागेची फेरमोजणी बाकी. सगळं ऑफिस टेलिप्रिंटरभोवती, आणि नेमकी लाईट गेली! आली तसा टेलिप्रिंटर खडखडला आणि कागदावर निकाल उतरला. सरकार एका जागेने पडलं.

चौधरींचाच चेहरा पांढरा पडला. "नाना, मस्करी होती हो! हात जोडतो!"

"शब्द म्हणजे शब्द," म्हणत नाना सलूनात गेले. बाहेर आले तेव्हा आमच्याच्याने बघवेना.

* * *

आता आमच्याकडे बाप्या माणसाची मिशी उतरते ती बाप गेल्यावरच. असोद्याच्या बसमध्ये चोपड्याचा कुणी ओळखीचा बसला होता. त्याने नानांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोण गेलं, असं कोण विचारतं? त्याने परस्पर चोपड्याला पाटलांकडे निरोप पोचवला.

सकाळी पाटलांची जीप दारात! बायकांनी उतरता उतरताच गळा काढला. पाटील ओट्यावर टेकले. आता लग्न पुढच्या वर्षीच, हे कसं बोलावं, या विवंचनेत ते रुमालात तोंड खुपसून बसले.

नानांचे वडील आबा काठी टेकत आतून आले. एवढी रडारड बघून त्यांच्याही डोळ्यांना धार लागली. पाटलांना खेटून बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "कोन गेलं रे भो? मले कोनी सांगलं बी नही!"

पाटलांनी मान वर केली आणि ते किंचाळलेच! बायका जीपकडे पळाल्या.

तेवढ्यात तोंडात दातवण घेऊन नाना मागच्या दारातून धावत आले. "अहो पाटील, थांबा! घरात कोणी गेलं नाही! बेटावरचं सरकार पडलंय!"

पाटलांनी डोळे पुसले, नानांच्या ओठाकडे बराच वेळ पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं,

"मग त्याचं सुतक किती दिवस असतं?"