आत्याबाईंचा टोमॅटो

आत्याबाई काय काय खात नाहीत ते हॉटेलच्या आचाऱ्याला सांगायचं काम माझ्याकडं होतं आणि मी टोमॅटो सांगितला नाही. हॉटेल इटालियन होतं.

ज्यांनी तसलं जेवण घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण त्या दिवसापर्यंत मीही घेतलेलं नव्हतं. टोमॅटोशिवाय इटालियन जेवण म्हणजे फोडणीशिवाय आपलं जेवण. होतं, पण शोधावं लागतं.

आत्याबाई माझ्या वडिलांच्या थोरल्या बहीण. यजमान तुळजापूरला शाळेत मास्तर होते. अंगानं चिमणीएवढ्या, पण गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून हाक मारली तर आतल्या टोकाचं पोर हातातली विटी टाकून घरी पळायचं. त्यांची ख्याती मात्र आवाजासाठी नव्हती, सोडण्यासाठी होती. इतर लोक तीर्थाला जाऊन काहीतरी घेऊन येतात. आत्याबाई काहीतरी ठेवून यायच्या. काशीला वांगं ठेवून आल्या. गाणगापूरला चहा सोडायला निघाल्या होत्या, तेव्हा मास्तरांनी भर रस्त्यात हात जोडले. चहा सुटलेल्या आत्याबाईंबरोबर परतीचा प्रवास त्यांना एकट्याला करायचा होता. चहा वाचला, पेरू सुटला.

सोडण्याचे त्यांच्याकडं तीन प्रकार होते. एक कायमचं, ते तीर्थातलं. दुसरं चातुर्मासाचं, म्हणजे कांदा-लसूण वगैरे, ते कार्तिकात परत यायचं. आणि तिसरं नवसाचं. घरातल्या कुणाचं काही अडलं की आत्याबाई आईला, म्हणजे भवानीला, सांगायच्या की हे होईपर्यंत मी अमुक खाणार नाही. झालं की त्या दिवशी ते मांडी घालून पोटभर खायच्या. नात ऋतुजा स्वयंपाक शिकायला इटलीला गेली तेव्हा त्यांनी गवार सोडली. पोरगी सुखरूप परत आली त्या दिवशी घरात फक्त गवार होती. सकाळीही आणि संध्याकाळीही. डॉक्टरांनी साखर बंद केली, ती मात्र त्या हिशेबात धरत नसत. "डॉक्टरानं सोडवलेलं ते काय सोडणं? त्यात माझं काय पुण्य?" म्हणायच्या.

मी कॉलेजात असताना एकदा त्यांना अक्कल शिकवायला गेलो होतो. म्हटलं, "आत्याबाई, सोडायचंच तर कारलं सोडा की. नाहीतरी तुम्हाला बघवत नाही." त्यांनी माझा कान धरला. "नावडतं सोडायचं? ती वर बसलेली आई काय खुळी आहे? तिला कळत नाही व्हय?" कान सोडताना पुढं म्हणाल्या, "सोडायचं ते जिवाला लागणारं. सोडलं म्हणजे सोडलं." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय, की लोहाऱ्याला माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानात उधारी मागायला येणाऱ्यांना ते मीही ऐकवू लागलो. पण उधारी सोडणं मला जमत नाही. ते पुन्हा मागतात आणि मी पुन्हा देतो.

तर ही ऋतुजा इटलीहून परतली आणि पुण्या-मुंबईला न जाता नळदुर्गच्या बाहेर, हायवेला वडिलांनी घेऊन ठेवलेल्या जागेत, तिनं इटालियन हॉटेल काढलं. एका अंगाला ट्रकवाल्यांचा ढाबा, दुसऱ्या अंगाला पंक्चरवाला, आणि मधे हे काचेच्या भिंतींचं प्रकरण. पांढऱ्या चादरी अंथरलेली टेबलं, आणि भर दुपारी पेटवलेल्या मेणबत्त्या. मी तिला विचारलं, "लाइट गेली का गं?" तेव्हापासून तिनं मला सजावटीविषयी काही विचारलं नाही. हैदराबादकडं जाणारे ड्रायव्हर ट्रक हळू करून बघायचे आणि ढाब्यावर जाऊन जेवायचे. "इथं कोण येणार?" हा प्रश्न घरातल्या प्रत्येकानं तिला एकदा विचारला होता. मी दोनदा विचारला.

ऋतुजानं ठरवलं, पहिलं ताट आजीचं. आजीनं घास घेतला की मगच दार उघडायचं. त्यात माया होती तसा हिशेबही होता. चातुर्मासात काय चालतं आणि काय चालत नाही, हे तुळजापूरची निम्मी गल्ली आत्याबाईंना विचारून ठरवायची. आत्याबाई जेवल्या म्हणजे सगळ्यांना जेवायला मोकळीक. नाही जेवल्या, तर बाहेर मांडवात बसलेले पाहुणे सरबत पिऊन, "छान आहे हो," म्हणत घरी जाणार आणि पुन्हा येणार नाहीत. पोरीनं होतं नव्हतं ते सगळं त्या हॉटेलात घातलं होतं. तिला आदल्या रात्री झोप नव्हती.

श्रावणातला दिवस. मी तुळजापूरहून आत्याबाईंना गाडीतून आणलं. मांडीवर नेहमीचा स्टीलचा डबा होता. तो डबा त्यांच्याबरोबर प्रत्येक लग्नात जायचा, आणि तो दिसला की आचारी लोक कामाला लागल्यासारखं करायचे. हॉटेलचं परान्न चालेल का, हा वाद वाटेत मी जिंकला असं मला वाटत होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "नातीच्या हातचं परान्न कसं होईल? उगं गप गाडी चालव." ऋतुजानं मला बजावलं होतं की काका, आजीला वाटेत सगळं नीट विचारून घ्या आणि आचाऱ्याला सांगा. आत्याबाईंनी सुरुवातही केली, "कांदा नको, लसूण नको, वांगं..." मी मधेच थांबवलं. "आत्याबाई, मला काय सांगता? लहानपणापासून तुमच्या पंक्तीला जेवलोय मी." त्या खिडकीबाहेर बघत हसल्या. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

पुण्याहून आणलेला आचारी उंच टोपी घालून उभा होता. मी त्याला एका दमात सांगितलं की कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, अंडं नाही आणि कशातही दारू नाही. तो रडकुंडीला आला. "साहेब, मग चव कशाची आणू?"

"अहो, टोमॅटो घाला की! भरपूर घाला!" मी म्हटलं. वर त्याच्या खांद्यावर थापही मारली.

ऋतुजा बाहेर पूजेत होती. ती आत आली तोवर ताट टेबलावर गेलं होतं. परातीएवढी पांढरी बशी आणि तिच्या मधोमध लालभडक शेवयांचं एवढंसं घरटं. आत्याबाईंनी बशी फिरवून बघितली.

"दिग्या, हे लाल कशानं झालं?"

"टोमॅटो, आत्याबाई! मीच सांगितला घालायला."

ऋतुजानं कपाळाला हात लावला. "काका! आजी टोमॅटो खात नाही!"

"कधीपासून?"

ऋतुजाची आई, म्हणजे आमच्या वहिनी, मेणबत्तीकडं बघू लागल्या. मला खरंच आश्चर्य वाटलं. आत्याबाईंच्या हातचं टोमॅटोचं सार म्हणजे गल्लीत नाव. मी वाट्याच्या वाट्या प्यायलोय. पण त्या स्वतः सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरात बसून जेवायच्या. त्यांच्या पानात काय असतं हे बघायला मी कधी वाकलोच नव्हतो. साराला मीठ बरोबर पडलंय का, ते त्या नुसत्या वासावर ओळखायच्या म्हणे. हे वहिनींनी मला त्या दिवशी सांगितलं.

"चातुर्मासाचा आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग काशीचा?"

"काशीला वांगं."

"मग नवसाचा? कुणासाठी?"

आत्याबाईंनी बशी हलकेच बाजूला सारली. "तू बी.कॉम.ला बसलास, तेव्हा आईला बोलले. पोरगं पास होईपर्यंत टोमॅटो नाही."

"पण आत्याबाई, मी तर..."

"व्हय. म्हणून तर."

इथं माझ्या शिक्षणाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, दोनच पुरतील. शेवटच्या वर्षाला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा उठलो. मग वडिलांचं दुकान सांभाळायला लागलो. लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं 'बी.कॉम. अपिअर्ड' छापलं होतं. पुढं पोरांची लग्नं निघाली तरी मी अपिअर्डच होतो. आणि या सगळ्या काळात ही बाई, जी माहेरी असताना मळ्यातला टोमॅटो मीठ लावून उभ्या उभ्या खायची, ती वासावर दिवस काढत होती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगून तू अभ्यास करणार होतास व्हय? उगं पोराच्या जिवाला घोर."

मी हात जोडले. "आत्याबाई, मीच म्हणतो, सोडा तो नवस. मी तुम्हाला मोकळं केलं."

"तू कोण मोकळं करणार? मी तुझ्याशी बोलले नाही, तिच्याशी बोलले."

ऋतुजाचे डोळे भरून आले होते. काचेपलीकडं मांडवात पाहुणे माना उंच करून आत बघत होते. आचारी टोपी हातात घेऊन म्हणाला, "कांदा नाही, लसूण नाही, आता टोमॅटोपण नाही. मग राहिलं काय?"

"राहिलं की सगळं," आत्याबाई म्हणाल्या. "शेवया आहेत का? तेल आहे? मिरी आहे? मग रडतोस कशाला?" त्यांनी डबा उघडला. आत शेंगदाण्याची चटणी होती, श्रावणातली, बिनलसणाची. "ही घाल गं ऋतू. आणि दिग्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नकोस."

ऋतुजानं डोळे पुसले आणि आत पळाली. गरम तेलात मिरी आणि त्यावर शेवया परतल्या. चटणी भुरभुरली. वरून हिरवी पानं तोडून टाकली. आत्याबाईंनी एक पान उचलून हुंगलं.

"ही तुळस आहे का गं?"

"तुळशीच्या घराण्यातलीच आहे, आजी."

"मग नैवेद्यच झाला की!" काटा-चमचा तसाच राहू देत त्यांनी बोटांनी घास घेतला. चावला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होतो. दुसरा घास घेता घेता त्या दाराकडं बोट करून म्हणाल्या, "उघडा ते. लोक ताटकळून बसलेत."

त्या दिवशी मांडवातल्या प्रत्येकानं आत्याबाईंच्या बशीत होतं तेच मागवलं. शेजारच्या ढाब्याचा मालकही येऊन खाऊन गेला. आजही तिथं लोक तेच मागतात. डब्यातली चटणी संपली तेव्हा वहिनी मिक्सर घेऊन बसल्या. लाल शेवयांची पहिली बशी वाया जाऊ नये म्हणून मला खायला दिली. फार चविष्ट होती, आणि तेच वाईट होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. जुन्या विद्यापीठानं माझी ओळख दाखवली नाही, त्यामुळं बी.कॉम. पहिल्यापासून. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "घाई करू नकोस, मला वेळ आहे. पण लई वेळही लावू नकोस." त्यांनी अभ्यास कर असं कधी म्हटलं नाही. फक्त अधूनमधून दुकानात फोन यायचा. "दिग्या, बाजारात टोमॅटो लई छान आलेत." बस्स. फोन बंद. मी गिऱ्हाईक तसंच सोडून पुस्तक काढायचो.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी दारावरच्या मास्तरांनी मला अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." आत पोरं मला काका म्हणून उत्तरं विचारत होती, चेहऱ्यावरून माणूस हुशार दिसायला लागतो, हा वयाचा एवढाच फायदा. शेवटच्या वर्षाला एका विषयात पुन्हा आपटलो. फोन करायचा धीर होईना. त्यांचाच आला. "राहू दे. एक हंगाम अजून. पाऊस बरा आहे, पुढच्या खेपेला टोमॅटो मोठा येईल."

आणि मग एके दिवशी मी पास झालो.

आता आत्याबाई नाहीत. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष होत्या. शेवटपर्यंत हातात बळ होतं आणि गल्लीच्या टोकापर्यंत आवाज. तेवढ्या दिवसांत त्यांनी टोमॅटोचं मागचं सगळं येणं वसूल केलं. कोशिंबीर, चटणी, भाजी, नुसता मीठ लावून. सारही चाखून करायला लागल्या. आम्हाला मात्र आधीचं, वासावरचंच जास्त आवडायचं. हे सांगायची हिंमत घरात कुणाला झाली नाही.

निकाल लागला त्या दिवशी मी तडक तुळजापूर गाठलं. त्यांनी आधी देवळात जाऊन जिला सांगायचं तिला सांगितलं, आणि मग मला म्हणाल्या, "चल नळदुर्गला." ऋतुजानं तीच पांढरी बशी काढली आणि तोच लालभडक पास्ता स्वतः केला. आम्ही सगळे भोवती उभे. मी मधोमध, सत्काराला उभं राहावं तसा, निकालाचा कागद खिशातून दिसेल असा ठेवून.

आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग बशी उचलून बोटानं पुसून संपवली आणि दुसरी मागितली. मला राहवेना. आता तरी दोन शब्द कौतुकाचे मिळतील म्हणून मी वाकून विचारलं, "आत्याबाई, कसा लागला?"

त्यांनी डोळे उघडले, ओठाला लागलेला रस पदरानं टिपला आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दिग्या, तू म्हणाला होतास ते खरं रे. तुझ्यासाठी कारलंच सोडायला पाहिजे होतं."