दादांचा खुबा

माझे वडील, आमचे दादा, फौजेतून निवृत्त झाल्यावर माण तालुक्यातल्या गावी शेळ्या राखायचे. खुबा झिजला तेव्हा मिरजेत ऑपरेशन करून धातूचा सांधा बसवला. दोन-तीन वर्षं बरी गेली आणि मग मांडीत कळा सुरू झाल्या. सांधा बनवणाऱ्या कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं की रुग्णाने नको तितकी चढउतार केली असावी. झालं, आईला आयतं कोलीत मिळालं! "आवं, सांगत हुते, शेळ्यांमागं पळू नगा," म्हणत तिने सगळ्या शेळ्या विकून टाकल्या. गावानेही माना डोलावल्या. दादांनी मला एवढंच विचारलं, "म्हंजी माजंच चुकलं व्हय?" तेव्हा माझं डोकं फिरलं. उन्हातान्हात सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस स्वतःच्याच पायाला घाबरून खाटेवर बसला होता.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये तो सांधा काढून नवा बसवताना भोवतालचं मांस धातूच्या कणांनी काळवंडलेलं निघालं. डॉक्टरांनीच मला बाजूला घेतलं. "हा सांधा टाकू नका, आणि वकील गाठा," म्हणाले. औषध प्रशासनाला त्यांनी स्वतः कळवलं.

मी सांगलीत राहते. आमच्याच गल्लीतल्या वकीलबाईंनी नीट उलगडून सांगितलं. हलगर्जी झाली असेल तरच डॉक्टरांवर दावा करायचा. वस्तूच सदोष असेल, तर ती बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जायचं, तेही दोन वर्षांच्या आत. दादा ताडकन म्हणाले, "डॉक्टरवर न्हाई. त्यो मानूस चांगला हाय." मग तक्रार कंपनीवर झाली. पुढे आयोगाने सांधा तपासणीसाठी जमा करायला सांगितला.

त्यासाठी दादा आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला आले. सकाळी त्यांनी मोठ्या कौतुकाने सांध्याची डबी उघडली. सांधा आरशासारखा लखलखत होता. काळे डाग, ओरखडे, सगळं साफ. पट्ट्याच्या बकलाला लावायच्या पॉलिशने त्यांनी तो घासून काढला होता.

"दादा, हे काय केलंत?"

"जमा करायचाय न्हवं? फौजेत हत्यार घाण जमा केलं तर शिक्षा हुते."

हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "लपवायचं नाही. विचारलं की खरं सांगायचं."

आयोगापुढे विचारलं तर जाणारच होतं. पुरावा मुद्दाम बिघडवला म्हणून कंपनीचे वकील तुटून पडले. दादा काठी टेकून उभे राहिले, ताठ. "साहेब, मीच घासला. कुनी सांगितलं न्हवतं." मग जरा ओशाळून म्हणाले, "गोळ्यात दांडा बसतो न्हवं, त्या भोकात तेवढं ऱ्हायलंय. बोट जात न्हाई आत. माफी असावी."

अख्ख्या आयोगात सफाई अपुरी राहिल्याबद्दल माफी मागणारा हा पहिलाच इसम असावा. वकीलबाई मात्र उडी मारूनच उठल्या आणि त्या भोकाचीच तपासणी मागितली.

नंतर तारखांवर तारखा पडल्या. मी वैतागायची, दादा प्रत्येक तारखेला बूट चमकवून हजर. अखेर प्रयोगशाळेचा अहवाल आला. पॉलिश जिथे पोचलं नव्हतं तिथे धातूची झीज जशीच्या तशी सापडली होती.

निकाल घेऊन मी गावी गेले. कंपनी वरच्या आयोगात अपील करील, हे वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं. पण भरपाईचं दादांनी विचारलंही नाही. सांध्यातच दोष होता, रुग्णाची काही चूक नव्हती, या ओळीवर त्यांनी मला थांबवलं.

"ह्ये पुना वाच. जरा मोट्यानं."

आई आत भाकरी थापत होती. मी मोठ्याने वाचलं. थापण्याचा आवाज थांबला, पण ती बाहेर आली नाही.

त्या शनिवारी ती कुणाला न सांगता आटपाडीच्या बाजाराला गेली. दुपारी परतली ती एक काळी शेळी घेऊन. दावं तिने दादांच्या हातात दिलं. तिचे डोळे भरले होते, तोरा मात्र तोच.

"घ्या," ती म्हणाली, "आता पळा किती पळायचं त्ये."