आधी काय व्हतं?

तळेगाव ढमढेऱ्याच्या पाणीवाटप संस्थेत कालव्याच्या पाळ्यांची यादी एक्सेलमध्ये ठेवणारे एक क्लार्क आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. कुणाची पाण्याची वेळ बदलायची असली की आप्पा स्क्रीनवर बोट ठेवून आधी नाव वाचतात, मग जुनी वेळ मोठ्यानं म्हणतात, आणि मगच नवी टाकतात. फोनवर कुणी "चौदावी ओळ" म्हणालं की चिडतात.

"ओळ सांगू नका, नाव सांगा. ओळ सरकती."

मी एका टूलची माहितीपुस्तिका लिहितोय. त्या टूलनं एआय स्वतःच शीटमधले आकडे बदलतो. परवा मोठ्या हौसेनं आप्पांच्या यादीच्या कॉपीवर ते दाखवायला गेलो. चौदाव्या ओळीतली वेळ बदलायला सांगितली. एआयचं काम सुरू होईपर्यंत आप्पांनी गुपचूप वरती एक नवं नाव घातलं, तशा खालच्या ओळी एकेकानं सरकल्या. एआयनं भलत्याच शेतकऱ्याची पाळी बदलली आणि काम झाल्याचं कळवलं.

आप्पा हसले नाहीत. "त्यानं आधी काय व्हतं ते वाचलं का?"

"नाही, आप्पा."

"माझं चुकलं तर मी गाडी काढून त्या माणसाच्या बांधावर जातो, शिव्या खातो. ह्यो कुठं जाणार?"

'आधी जुनं वाचा' ही पुस्तिकेतली पहिली सूचना आप्पांचीच आहे. 'चूक झाल्यास' या मथळ्याखाली मात्र मी अजून काहीच लिहिलेलं नाही.