उघडा दाराची कडी

"मधी काय खड्डा पडलाय का, बाई?"

महापालिकेच्या कचेरीतल्या कारकुनानं अर्जावर बोट ठेवलं. तिथं माझं नाव होतं, पुढं थोडी मोकळी जागा होती आणि मग आडनाव. जागा मीच सोडली होती. नवऱ्याचं नाव आमच्यात तोंडानं घेत नाहीत. लिहिताना हात तिथं आला आणि थांबला. मी जागा सोडून पुढं लिहिलं. वाटलं, समजून घेतील.

"नवऱ्याचं नाव सांग. त्याबिगर अर्ज चालत नाय."

मी खाली बघत राहिले. माझ्यामागं बाजारातल्या आमच्या बाया दाटीवाटीनं उभ्या होत्या. शेजारणीनं सांगितलं तर चालेल का, असं विचारायचं मनात आलं.

कारकून खुर्चीत मागं रेलला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाव घ्यायला लाजती व्हय? मग उखाण्यात घे. उखाणा घेतल्याशिवाय अर्ज घेत नाय."

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं आमच्याकडं वळली. एकानं चहाचा कप खाली ठेवला. दाराशी बसलेला शिपाई उठून उभा राहिला, गंमत दिसावी म्हणून.

मी घेतला उखाणा.

लग्नात चुलतीनं शिकवलेला. सासरच्या दारात अडवतात तेव्हा म्हणायचा. "काळ्या मेंढीच्या लोकरीची विणली घोंगडी, अमुक रावांचं नाव घेते, उघडा दाराची कडी." अमुकच्या जागी त्यांचं खरं नाव. परक्या पुरुषांच्या कचेरीत, भर दुपारी, हातात अर्ज धरून मी हे म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

हशा झाला. कुणी टाळ्या वाजवल्या. शिपायानं दाराची कडी लावली, काढली, परत लावली, परत काढली. आमच्यातली म्हातारी रुख्माबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. तिला मी दोष देत नाही. उखाणा घेतला की हसायचं असतं, एवढंच तिला माहीत.

कारकुनानं डोळे पुसले आणि अर्ज माझ्याकडं परत सरकवला.

"साहेब नाहीत. सोमवारी या."

आम्ही अर्ज का केला होता ते लिहिते.

मी मुकुंदवाडीला राहते. बाजारात मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन बसते. माहेर देवगाव रंगारीच्या पलीकडं. वडिलांची मेंढरं होती. चौथीनंतरची शाळा लांब होती आणि मेंढरं जवळ होती, म्हणून चौथीवर थांबले. बाजारात बसणाऱ्या बायांत लिहिता येणारी मी एकटीच. त्यामुळं अर्ज माझ्या गळ्यात पडला. नाहीतर मी पुढं होणारी बाई नाही. गिऱ्हाईकानं भावासाठी आवाज चढवला तरी मी जुडी देऊन टाकते.

आमच्या बाजाराच्या टोकाला बायांसाठी मुतारी बांधलेली आहे. भिंतीवर 'स्त्रिया' असं रंगवलेलं आहे. तिला लागून भाऊसाहेबांचं हॉटेल. भाऊसाहेब गावाकडं मोठ्या शेतीवाडीचे, इथं नगरसेवकाच्या उठण्याबसण्यातले. त्यांनी मुतारीत कांद्याची पोती आणि कोळसा भरला, दाराला कुलूप लावलं. चावी हॉटेलच्या गल्ल्यावर खिळ्याला टांगलेली असते. येता-जाता दिसते.

पुरुष भिंतीकडं तोंड करून उभे राहतात. आम्ही पाणी पीत नाही. हाच आमचा उपाय. पहाटे घरून निघताना चहासुद्धा अर्धा कप. उन्हाळ्यात ओठ फुटतात, जीभ जड होते, तरी नाही. बाजारात नवी बाई बसायला आली की भाव कसा सांगायचा हे नंतर शिकवतात. आधी सांगतात, "इथं पाणी नको पिऊ."

रुख्माबाई आलं-लिंबं विकते. तिला लघवीला आग व्हायची, ताप यायचा. दवाखान्यात सांगितलं, भरपूर पाणी प्या. ती येऊन परत आपल्या पोत्यावर बसली आणि हसत म्हणाली, "डाक्तर म्हणतो पाणी पी. जायचं कुठं ते लिहून नाय दिलं." त्या दिवशी अर्जाचं ठरलं.

अर्जात मुतारी हा शब्द मी लिहिला नव्हता. लघवी हाही नाही. लाज वाटली. 'बाजारातील स्त्रियांची गैरसोय होते, तरी ती दूर करावी,' एवढंच लिहिलं. खाली सगळ्यांचे अंगठे. म्हणजे अर्ज वाचला असता तरी कुणाला काही कळलं नसतं. पण वाचलाच नाही.

त्या दिवसापासून मी उखाणेवाली झाले. कचेरीतली गंमत माझ्याआधी बाजारात पोचली होती. हॉटेलसमोरून गेले की टेबलं पुसणारी माणसं म्हणायची, "काकू, कडी उघडू का?" मी पदर पुढं ओढायची आणि पाय उचलायची. ऊन असो, पाऊस असो, लांबच्या बाजूनं वळसा घालून जायला लागले.

मग तहबाजारीवाला आला. बाजारात बसण्याची पावती फाडतो तो. एरवी पावती टाकून पुढं जातो, त्या दिवशी माझ्यासमोर उकिडवा बसला. मेथीची पानं तोडत हळू आवाजात बोलला. हळू बोलला म्हणून जास्त भीती वाटली.

"वहिनी, जागा कुणाच्या नावावर नसती. आज हाय, उद्या नाय. कागद करणं चांगल्या घरच्या बायांचं काम नव्हं."

तो गेल्यावर मी त्यानं तोडलेली पानं गोळा केली. जागा गेली तर घरात काय शिजणार, हे मला माहीत होतं. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, कंपनीतलं काम कंत्राटी. आज गेटवर घेतात, उद्या नाही.

घरी सासूबाई बोलत नव्हत्या. त्यांना नावाचं कळलं होतं. बायकोनं नवरा असताना त्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्या मानत. उखाण्यात चालतं, कारण ते सणाला, आपल्या माणसांत. मी घेतलं होतं परक्यांत, त्यांच्या करमणुकीला. घरी कुणी नावं लिहायला आलं की सासूबाई शेजारणीला हाक मारत, तिच्याकडून सासऱ्यांचं नाव सांगवत. सासरे वारले तरी तसंच. आणि मी असं केलं. मालक मात्र एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. आता जाऊ नको." त्यांच्या तोंडावरही भीती होती. माझ्यासारखीच.

मी नाही जायचं ठरवलं. अर्ज डब्याखाली सरकवून ठेवला.

पण मला शाळा आठवायला लागली. जुड्या बांधताना, पाणी शिंपडताना. मास्तर हजेरी घ्यायचे. ते नाव पुकारायचे, आपण उभं राहायचं. त्यात वडिलांचं नाव यायचं, मोठ्यानं, सगळ्या वर्गासमोर. वडील त्यानं मेले नाहीत. मेंढरं घेऊन रानोरान फिरत राहिले, चांगले म्हातारे होऊन गेले. मी "हजर" म्हणायची. माझा आवाज तेव्हा चांगला मोठा होता. कुठं गेला तो?

आणि एक गोष्ट टोचायला लागली. त्या कारकुनानं माझं नाव विचारलंच नव्हतं. कागदावर माझं नाव होतं, माझ्या अक्षरात. त्याला दिसली फक्त मधली मोकळी जागा. आम्ही काय मागायला आलोय, तेही त्यानं विचारलं नाही. त्याला करमणूक हवी होती. मी माझ्या घरातली झाकून ठेवलेली गोष्ट त्याच्या टेबलावर ठेवली, आणि त्याबदल्यात त्यानं कागदसुद्धा ठेवून घेतला नाही.

मग एका दुपारी रुख्माबाई बसल्या जागी कलंडली. लिंबं रस्त्यावर घरंगळत गेली. तिला सावलीत नेलं, अंडी विकणाऱ्या शमीम आपानं तिच्या तोंडाला पाणी लावलं. रुख्माबाईनं दात घट्ट मिटून घेतले. शुद्ध नव्हती नीट, तरी दात मिटले होते. पाणी हनुवटीवरून खाली गेलं.

ते मी बघितलं. तहबाजारीवाल्याची भीती होतीच. पण ही त्याहून मोठी होती. मी स्वतःला तिथं पडलेलं बघितलं, दात मिटून.

घरी येऊन मी नवा अर्ज लिहिला. 'आमच्या मुतारीला कुलूप आहे. आम्हाला दिवसभर लघवीला जागा नाही. म्हणून आम्ही पाणी पीत नाही. म्हणून आजारी पडतो. कुलूप काढावे.' लिहिताना कान गरम झाले. खाली माझं नाव लिहिलं. मग मधल्या जागेत त्यांचं. पहिल्यांदाच लिहीत होते. अक्षर वाकडं आलं, तसंच ठेवलं. मग आडनाव.

त्यानंतरच्या सोमवारी गेलो. सगळ्या नाही आल्या, काहींना घरून मनाई झाली. रुख्माबाई अंथरुणाला होती. रिक्षा क्रांती चौकात सिग्नलला थांबली तेव्हा उतरून परत जावं असं वाटलं. शमीम आपानं माझा हात धरला होता. म्हणाली, "हाथ बरफ हो गया तेरा." सोडला नाही तिनं हात.

कारकुनानं लांबूनच ओळखलं. "आली का उखाणेवाली. आज नवीन पाठ करून आली का?"

शिपाई दाराशी गेला. कडीला हात लावून उभा राहिला, वाट बघत.

तोंडात थुंकी नव्हती. धीट झाले असं मी म्हणणार नाही. भीती होती तेवढीच होती. पण पडलेली रुख्माबाई डोळ्यांसमोरून जात नव्हती.

"उखाणा घेणार नाही," मी म्हणाले. "नाव सांगते."

आणि सांगितलं. माझं, त्यांचं, आडनाव. हजेरीला सांगतात तसं, सरळ. मागं आमच्यातल्या एकीनं श्वास आत ओढला, तो मला ऐकू आला. हसायला काही नव्हतं, म्हणून कुणी हसलं नाही. शिपायाचा हात कडीवरच राहिला.

"बायांची मुतारी भाऊसाहेबांनी कुलपात ठेवलीय," मी म्हणाले. "आम्हाला लघवीला जागा नाही. अर्ज घ्या. शिक्का मारून पोच द्या."

तो म्हणाला, साहेब नाहीत. मी म्हणाले, शिक्का तर आहे. तो म्हणाला, बसा तिकडं. आम्ही बसलो नाही, टेबलासमोरच उभ्या राहिलो. माझ्यामागून शमीम आपानं आपलं नाव सांगितलं, कुणी विचारलं नसताना. मग दुसरीनं. एक जण नवऱ्याच्या नावाशी अडखळली, थांबली, मग डोळे मिटून म्हणाली. कारकून कधी हिच्याकडं, कधी तिच्याकडं बघत होता. शेवटी त्यानं शिक्का मारला. कागद फेकला माझ्याकडं. तो खाली पडला. मी वाकून उचलला.

त्या संध्याकाळी मालकांना यायला उशीर झाला. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. बस आली, दुसरी आली, ते नव्हते. सासूबाई दारातून बघत होत्या. मला वाटलं, झालं. मीच केलं. तेवढ्यात ते वळणावर दिसले, डबा हलवत. बस बंद पडली म्हणून चालत आले होते. आत येऊन त्यांनी चहा मागितला. मी चहा ठेवला आणि चुलीकडं तोंड करून त्यांचं नाव परत एकदा घेतलं, ओठातल्या ओठात. मागं वळून बघितलं. ते पायातली पायताणं काढत होते.

कुलूप अजून निघालेलं नाही. पोच माझ्याजवळ आहे, कुलूप दारावर आहे. तहबाजारीवाल्यानं माझी जागा हलवली. आता मी नालीच्या कडेला बसते, तिथं गिऱ्हाईक नाक दाबून भाजी घेतं. अजून हलवतील कदाचित.

भीती गेलेली नाही. लिहितानाही वाटते. हॉटेलकडून कुणी येताना दिसलं की मी उगाच जुड्या हलवत बसते.

पण आता मी तांब्या भरून समोर ठेवते. सगळ्यांना दिसेल असा. तहान लागली की पिते, पोट भरून. शेजारणीलाही देते, ती आधी नको म्हणते, मग घेते. आणि लघवीला लागली की उठते. लांबचा वळसा घेत नाही. सरळ हॉटेलात जाते, गिऱ्हाइकं जेवत असतात त्यांच्यामधून, गल्ल्यासमोर उभी राहते आणि खिळ्याकडं बोट करून चावी मागते.

भाऊसाहेब रोज नाही म्हणतात. मी विचारते, लघवीला कुठं जाऊ ते सांगा. माणसं जेवता जेवता थांबतात. मग घरापर्यंत जाऊन येते, तेवढा धंदा बुडतो. काल माझ्यामागं अजून दोघी उभ्या होत्या.

उद्याही पाणी पिणार. उद्याही मागणार.